माळाला दिलेले आठ गुण

मला गोल्फ खेळता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली अठरा वर्षं मी गोल्फची मैदानं पाहून त्यांना गुण देतो आणि त्यावर माझं घर चालतं. पुण्यातल्या एका पर्यटन कंपनीत मी नोकरीला आहे. ज्यांच्या देशात हिवाळाभर मैदानं बर्फाखाली जातात, अशा लोकांना आमची कंपनी इकडच्या उन्हात खेळायला आणते. त्यांना कोणतं मैदान दाखवायचं आणि कोणतं नाही, हे ठरवायला कुणीतरी आधी जाऊन यावं लागतं. तो मी.

पूर्वी कंपनी खेळणाऱ्यांनाच पाठवायची. ते खेळायचे, जेवायचे आणि ‘फारच छान’ एवढंच लिहून परत यायचे. मग मालकांनी न खेळणारा माणूस शोधला. माझ्याकडे दहा रकान्यांचा एक कागद असतो. ऊन, वारा, धुकं, दव किती वाजता सुकतं, गवत, पाणी, निचरा, रस्ता, विमानतळ आणि दहावा रकाना खेळणाऱ्याबरोबर आलेल्या न खेळणाऱ्या माणसानं दिवसभर काय करायचं त्याचा. प्रत्येकाला एक गुण. सातच्या वर गेलेलं मैदान आमच्या हिवाळी पुस्तिकेत येतं.

मैदानावर मी सकाळी अनवाणी चालतो. दव किती आहे, माती कुठं दबते, गवत मुळाशी ओलं आहे का, हे पायाला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशाला कळत नाही. तिथले लोक बघत राहतात. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, डॉक्टरांनी सांगितलंय. खरं म्हणजे ही रीत माझ्या वडिलांची. आबा येडशीजवळ मेंढरं राखतात. पंचाहत्तरी उलटली, कळप कमी झाला, पण रानात गेल्याशिवाय त्यांना भाकर गोड लागत नाही.

मी या कामाला लागलो तेव्हा ते नेमकं काय आहे, हे आबांना समजावून सांगायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती. ते लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हंजी तिकडं थंडी पडली की ही लोकं गवत हुडकीत इकडं येत्यात?”

“व्हय.”

“हातात काठी, डोक्यावर टोपी, अन् दिवसभर गवतावर चालायचं?”

“व्हय.”

“मग तेबी धनगरच की रं. मेंढरं तेवढी घरी इसरून आलेत.”

नंतर एकदा मी त्यांना सांगितलं, की या मैदानांवर जे गवत जिवापाड जपतात ते आपल्या हराळीचंच भाऊबंद आहे. तेव्हा शेजारच्या वावरात एक शेतकरी कुदळीनं हराळी खणून बांधावर फेकत होता. आबांनी त्याला हाक मारून सांगितलं, “फेकू नगंस, माझ्या पोराला दे. त्याचं सायेब लोक तिच्यावर पाय ठेवायला इमानानं येत्यात.” असे आबा. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की हसू आधी येतं, आणि जे सांगायचं आहे ते मागं राहतं.

तर ते सांगतो.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका मोठ्या जमीनदार घरातला तरुण आमच्या कंपनीत आला. घर धाराशिवचं, हा राहायला पुण्यात. येडशीकडं त्यांचा मोठा माळ पडीक होता. तिथं नऊ होलचं मैदान करायचं, कडेला राहायच्या खोल्या बांधायच्या, हिवाळ्यात परदेशी पाहुणे आणायचे. जवळच रामलिंगचं देऊळ आणि अभयारण्य, म्हणजे न खेळणाऱ्यांचीही सोय झाली. जागा पैसे घालण्यासारखी आहे का, ते त्याला आमच्याकडून हवं होतं. मालक मला म्हणाले, “तुमचाच भाग आहे, तुम्हीच जा.”

तो माळ म्हणजे आबांचं चराईचं रान. त्या घराशी जुना बोलाचाली करार होता. पावसाळा सरला की मेंढरं माळावर चरायची आणि बदल्यात आम्ही त्यांच्या वावरात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंड्यांचं खत आपसूक पडतं. कागद कधी झाला नाही. तीन-चार घरांचे कळप त्यावर जगत होते.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी गेलो. पौष महिना होता. तो तरुण होता, मी होतो, आणि लांबून आम्हाला बघून आबा हातातली काठी उंच करून आले. मी त्यांची ओळख करून दिली, तेवढं तरी केलं. पण कशासाठी आलोय ते सांगितलं नाही. “असंच, रान बघायला,” म्हणालो.

आबांना तेवढं पुरलं. त्यांनी आम्हाला अख्खा माळ फिरवला. दिवस कासराभर वर आला की दव कसं उडून जातं, ते खाली वाकून, गवतावरून हात फिरवून दाखवलं. पाऊस उघडला की दोन घटकांत चपलेला चिखल लागत नाही, खाली मुरूम आहे, ते टाच आपटून दाखवलं. एका उतारावर मेंढरं बसली होती. आबा म्हणाले, “हितं बसा जरा. बगा, वारा लागतोय का? थंडीच्या दिसांत मेंढरू बसंल तिथं वारा नसतोय. मेंढराला फसवता येत न्हाय.” आम्ही बसलो. खरंच वारा नव्हता. अंगावर ऊन असं पडलं होतं की उठू नये. जमीनदाराचा मुलगा म्हणाला, “वा, काका.” मग आबांनी चहा केला, मेंढीच्या दुधाचा, दाट.

पुण्याला परत येऊन मी कागद भरला. ऊन, एक. वारा, एक. दव, धुकं, निचरा, एक, एक, एक. आबांनी जे जे दाखवलं ते ते मी नीटनेटक्या भाषेत लिहिलं. पाण्याचा गुण कापला, कारण उन्हाळ्यात तिथं माणसाला पाणी मिळण्याची मारामार. विमानतळ लांब, तो कापला. आठ झाले. माझ्या हातून नव्या जागेला तोवर आठ कधी गेले नव्हते.

मी स्वतःला सांगत राहिलो की मी फक्त माझं काम प्रामाणिकपणे केलं. ते खोटंही नव्हतं. पण आज जे कबूल करतोय ते त्याच्या पलीकडचं आहे. लिहिताना मला छान वाटत होतं. आपला माळ एवढा गुणाचा आहे, हे पुण्याच्या एसी ऑफिसात कुणालातरी कळावं, याची मला हौस वाटली. त्या हौसेत आबांच्या मेंढरांनी उद्या जायचं कुठं, हा प्रश्न मी हळूच बाजूला सरकवला.

मैदान काही झालं नाही. त्या घरातल्या चुलतभावांत वाटणीवरून बिनसलं आणि बेत बारगळला. माझ्या कागदाचा त्यात काही संबंध नव्हता. पण येडशीत बातमी वेगळीच पोचली. आबांचा फोन आला, आवाज आनंदानं चढलेला.

“काय रं, सायबाचा बेत नापास केलास म्हणं?”

“कोण म्हणालं?”

“समदं गाव म्हणतंय. धनगराच्या पोरानं एका कागदात माळ वाचीवला.”

तिथंच मला बोलायला हवं होतं. एकच वाक्य पुरे होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, “आबा, जेवलात का?”

आणि मग तो खोटेपणा माझ्या न बोलण्यावरच वाढत गेला. त्या वर्षी मुरुम गावाकडं एका लग्नात माझ्या आत्याच्या यजमानांनी, ज्यांना मी मामा म्हणतो, माळ वाचवला म्हणून मला पुढं बसवून भर मांडवात फेटा बांधला. फेटा बांधताना मान हलवायची नसते. मी हलवली नाही. समोर आबा उभे होते. त्यांचे डोळे बघितले आणि खाली बघितलं. लोकांना वाटलं, पोरगं नम्र आहे.

आबा ज्याला भेटतील त्याला मला दाखवायचे. “ह्यो आमच्या माळाचा राखणदार.” एसटी स्टँडवर, देवळात, दवाखान्यात तपासायला नेलं तर तिथंही. तीन वर्षं. मी येडशीला जाणं कमी केलं. कामाचं निमित्त असायचंच.

यंदाच्या जानेवारीत त्यांचा फोन आला. “शनवारी ये. मामा आलेत. काम हाय.”

गेलो. अंगणात उन्हाला दोघं बसले होते. आबा घोंगडीतली कुसळं काढत होते. मी पाया पडून बसलो. मामांनी सुरुवात केली.

“आमच्याकडं पवनचक्कीवालं फिरायलेत. माळ मोजत्यात. आमचं कळप जायाचं कुठं? तर म्हटलं, पाव्हण्यास्नी सांगावं. तुमी एक कागद लिवा.”

“एका कागदाचं तर काम हाय,” आबा म्हणाले. “मागं न्हाय का केलं त्यानं.”

मामा दोन एसट्या बदलून, गुडघे दुखत असताना आले होते. त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी आत्यानं दिलेल्या शेंगांच्या पोळ्या होत्या. आता गप्प राहिलो असतो तर या माणसांनी माझ्या भरवशावर दुसरी काही धडपड केली नसती.

“आबा,” मी म्हणालो, “मी तो माळ नापास केला नव्हता.”

आबांनी वर बघितलं.

“पास केला होता. दहापैकी आठ दिले होते. चांगली जागा आहे, मैदान करा, असं लिहून दिलं होतं. त्यांच्याच घरात भांडण झालं म्हणून राहिलं. मी काही वाचवलं नाही. तुम्ही फोन केला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.”

मामा माझ्याकडं बघायचं टाळत होते.

“आठ,” आबा म्हणाले.

“व्हय.”

“दोन कशाचं कापलं?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “पाण्याचा एक. अन् विमानतळ लांब, त्याचा एक.”

“पाण्याचं बराबर हाय. इमानाचं का कापलं? येडशीला टेसन हाय की. रेल्वेनं यावं.”

मामांना राहवलं नाही. “आवं, तुमचं रान जात हुतं अन् तुमी मार्कं कसली इचारताय?”

“गप बसा वो तुमी,” आबा म्हणाले, आणि मला विचारलं, “वाऱ्याला किती दिलंस?”

“पूर्ण.”

“कशावरनं?”

“तुम्ही दाखवलं होतं. मेंढरं बसतात तो उतार.”

त्यांचा हात थांबला. कुसळ चिमटीतच राहिलं.

“आन् दवाचं? निचऱ्याचं?”

“तेही तुम्हीच सांगितलेलं.”

“म्हंजी समदं माझंच लिवलंस.” आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “मला वाटलं, पोरगं पाव्हण्यास्नी आपलं रान दावतंय.”

ते उठले आणि कळपाकडं गेले. मी मागं जायला निघालो तर मामांनी हात धरला. “बसा. येत्याल. मेंढरं मोजली की डोकं थंड हुतं त्यांचं.” मग जरा वेळानं म्हणाले, “म्या भर मांडवात फेटा बांधला, तवा तरी बोलायचं हुतं. बांधला नसता एवढंच. माझं तेवढं कापड वाचलं असतं.”

“चुकलो, मामा.”

“चुकलाच,” मामा म्हणाले आणि शेंगांची पोळी माझ्यापुढं सरकवली.

आबा तासाभरानं आले. पाणी प्यायले. बाजेवर बसून म्हणाले, “त्या घरात उद्या वाटणी झाली तर? पुन्ना मैदान काढलं तर?”

“तर माळ जाईल, आबा. माझ्या कागदानं थांबणार नाही.”

“त्या कागदावर आमी कुठं हाय?”

“दहा रकाने आहेत. त्यात चरायला कोण येतं, असा रकाना नाही.”

“मग काढायचा की. पेन तर तुझ्याच हातात असतंय.”

अठरा वर्षांत मला ते सुचलं नव्हतं, किंवा सुचू दिलं नव्हतं. मी मामांना स्पष्ट सांगितलं, “पवनचक्क्या मी थांबवू शकत नाही. पण रानात काय आहे ते नीट लिहून देतो. कुणाचे कळप, कोणत्या महिन्यांत, पाणी कुठं, मेंढरं कुठं बसतात. तो कागद घेऊन ग्रामसभेत जायचं का तहसिलात, ते तुम्ही सगळे मिळून ठरवा.”

“तेवढं तर तेवढं,” मामा म्हणाले. “खरं लिवता म्हणून तर घात हुणार हुता. तेच आता आमच्यासाठी लिवा.”

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही तिघं मुरुमकडं निघालो. आबांना मी चला म्हणालो नव्हतो, ते आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसले. रस्ताभर माझ्याशी एक शब्द नाही. मामांशी मात्र पावसावर, मेंढरांच्या रोगावर, कुणाच्या सुनेवर अखंड गप्पा. मुरुमच्या अलीकडं मामांच्या माळावर पाच-सहा जण वाट बघत उभे होते. मी चपला काढल्या. त्यातल्या एकानं आबांना विचारलं, हे पाव्हणं कोण.

राखणदार हा शब्द आता येणार नाही, हे मला माहीत होतं. काय येईल ते माहीत नव्हतं. मी वाकून गवत बघत असल्यासारखं केलं.

“माझं पोरगं,” आबा म्हणाले. “रानं बघतंय. रान चांगलं असलं की चांगलंच लिवतंय, बापाच्या गळ्याशी आलं तरी. तवा त्याला दावताना इचार करून दावा.”

लोक हसले. मलाही हसू आलं, आणि ते थोडं ओलंच होतं. मग आबा पुढं झाले, काठीनं जमीन टोकरली, आणि मान न वळवता मला म्हणाले, “चल, हिकडनं सुरू कर. हितं निचरा कसा हाय ते बघ.”