आयच्या गळ्यातलं सोनं

"बाई, जरा लांब उभ्या राहा," समोरच्या बाजूचा वकील म्हणाला आणि त्याने नाकाला रुमाल लावला.

आय साक्षीच्या कठड्याला धरून उभी होती. एक पाय, एक कुबडी. सकाळी साबण लावून दोनदा आंघोळ केलेली. वास येणार कुठून? दीड वर्ष तिने मासळीच्या टोपलीला हात लावला नव्हता. तरी रुमाल.

रुमालाआडूनच त्याने विचारलं, "गळ्यात एवढं सोनं आहे. कोणाचं हे?"

आय म्हणाली, "माजाच हाय."

खोटं होतं ते. शपथेवरचं. मागच्या बाकावर बसलेल्या मला, दहावीतल्या पोरीला, ते ठाऊक होतं.

ठाण्याच्या कोर्टातली ही गोष्ट, नव्वद साल उजाडायच्या आधीची. आमचा खाडीकाठचा कोळीवाडा. आय डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. माजिवड्याला रस्त्याच्या कडेने चालताना मागून टेम्पो आला आणि तिचा पाय गुडघ्याखाली गेला. टेम्पोचा मालक नौपाड्यातला, फर्निचरच्या दुकानाचा. त्याने कायद्याला लागेल तेवढाच, सगळ्यात स्वस्त विमा उतरवलेला. कंपनी तिच्या मर्यादेपर्यंतच देणार, वरचं सगळं मालकाने भरायचं, असं आमच्या वकिलाने सांगितलेलं. म्हणून मालकाच्या वकिलाला दाखवायचं होतं, की ह्या बाईचं फारसं काही गेलंच नाही.

आणि आम्ही त्याच्या हाती आयतं कोलीत दिलं.

आमच्यात बाई मानाच्या ठिकाणी जाते ती अंगभर सोनं घालून. कोर्ट आयला तसंच ठिकाण वाटलं. जज्जसाहेबापुढे बोडक्या गळ्याने जायचं कसं? तिचं स्वतःचं सोनं पायाच्या ऑपरेशनला गेलेलं. मग शेजारच्या काकीने आपल्या अंगावरचं काढून तिच्या गळ्यात घातलं. उसनं सोनं घातलं, की ते उसनं आहे हे परक्यापुढे सांगायचं नाही. घेणारीची लाज जाते, देणारीचीही. आय खोटारडी नव्हती. ती काकीचा मान राखत होती.

जेवणाच्या सुट्टीत मालक व्हरांड्यात आला. पांढरा सफारी, हातात टाइप केलेला कागद. आयकडे त्याने पाहिलंही नाही. आमच्या वकिलाला म्हणाला, "कंपनीचं घ्या म्हणावं आणि माझ्यावरचं सोडा. ह्या लोकांना काय, एक होडी भरून आली की झालं."

आमचा वकील आयला म्हणाला, "मावशी, घेऊन टाका. साहेबांनी सोनं बघितलंय. आता जास्त मिळायचं नाही."

शाईचं पॅड पुढे आलं. आयने अंगठा पुढे केला. कुबडीवर अशी वाकली होती, जणू गुन्हा तिनेच केला होता. माझ्या डोक्यात सणक गेली. मी तिचं मनगट धरलं.

"नाय लावायचा."

"सोर, बाय."

"नाय. सोनं काकीचं हाय. मी आत जाऊन सांगनार."

आयने मला सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. मी मनगट सोडलं नाही. मालक कागद घेऊन निघून गेला.

पुढच्या तारखेला मी कठड्यात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आयचं काय काय विकलं, काकीने काय दिलं, सगळं. साहेबांनी लिहून घेतलं. कोर्टात आमच्या वाड्यातल्या चार बायका बसल्या होत्या. आयने पदर गळ्याभोवती गच्च ओढून घेतला.

तो पदर तिने परत सैल केला नाही. पुढे कुणाच्या हळदीला गेली नाही, लग्नाला गेली नाही. भर उन्हाळ्यात दारात बसायची, पदर गळ्याशी तसाच. माझ्याशी बोलायची, पण जेवलीस का, दिवा लाव, एवढंच.

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने आपला वाटा दिला. मालकाने छदाम दिला नाही. टेम्पो तोवर मेव्हण्याच्या नावावर गेला होता, दुकान बायकोच्या. वसुलीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. त्या तारखांमध्येच आय गेली. दारात बसलेली ती मला अजून दिसते. मासळी कापताना मान वर केली, की उंबऱ्यावर असते. पदर गळ्याशी.

तिच्या दहाव्याला काकीने तेच सोनं घातलं होतं. ते बघितलं आणि मला कळलं. सोनं कुणाचं, हे सांगायला मी धावले होते. मालकाच्या वकिलाच्या प्रश्नाला मीही इमानदारीत उत्तरच दिलं होतं, आणि त्यापायी माझ्या आयला उघडं पाडलं होतं. सोनं तिचं असतं तरी पाय गेलाच होता ना? तो कुणाच्या टेम्पोखाली गेला, एवढंच विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. ह्याची मला माफी नाही आणि ती मला नकोय.

आता आयची टोपली मी उचलते. वसुलीची तारीख असली की बाजारातून थेट कोर्टात जाते. हात धूत नाही. गळ्यात माझ्या कमाईचं सोनं असतं, सगळंच्या सगळं. टोपली पायाशी ठेवून पहिल्या बाकावर बसते.

शेजारी बसलेला मालक रुमाल काढतो. शिपाई म्हणतो, "बाई, मागे बसा."

मी हलत नाही. मालकाकडे तोंड करून, अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल असं विचारते, "माझ्या आयचा पाय कुणाच्या टेम्पोखाली गेला?"

तो रुमाल नाकाशी गच्च धरतो. पुढची तारीख पडते. मी पुन्हा येणार आहे.