माझा कुकर आहे तो

"थांब, येतंय!" असं म्हणून काकू उजवा तळहात वर करायच्या, ट्रॅफिक हवालदार करतो तसा. मग समोर सिलिंडरवाला असो की सोसायटीचा सेक्रेटरी, त्याने थांबायचं. काकूंचे डोळे अर्धे मिटायचे, नाक किंचित वर जायचं आणि शिंक यावी तशा दोन ओळी बाहेर पडायच्या, यमकासकट. तुमच्याही मजल्यावर असं कोणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, अशा माणसाला थांबवता येत नाही. आपणच थांबायचं असतं.

विक्रोळीला आमच्या आणि काकूंच्या दारात फक्त जिन्याची रुंदी. काकू मालवणकडच्या, काका इथल्याच एका कारखान्यात फिटर. काकांना जाऊन सात वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

मी आणि माझा मुलुंडचा मित्र, आम्ही दोघांनी मिळून एक ऑनलाइन स्पर्धा काढली. नाव 'जुळलं तर जुळलं'. रविवारी सकाळी अकरा वाजता लाइव्ह. बघणाऱ्यांनी कॉमेंटमध्ये शब्द टाकायचा, स्पर्धकाने तीस सेकंदांत त्यावर हसवणारं यमक नाहीतर गाणं रचायचं. वेळ संपली की आम्ही कुकरच्या शिट्टीचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचो. शिट्टीनंतर जो बोलेल तो बाद. ही शिट्टीची कल्पना माझी होती आणि मला तिचा भयंकर अभिमान होता.

काकूंना मीच गळ घातली. "मी कसली रे मेल्या स्पर्धेत," म्हणाल्या, आणि लगेच हात वर. "थांब, येतंय!

वायफाय आलं घरात, सून बसली दारात,
सिग्नल मिळतो तिथेच म्हणे, मी भांडी घासते जोरात!"

दारात खरंच बसलेली सून मोबाईल बाजूला ठेवून हसत सुटली. तिनेच त्यांचं नाव नोंदवलं.

पहिल्या फेरीत शब्द आला 'खड्डा'. काकूंचा हात वर गेला. "रस्त्यावरती खड्डा, खड्ड्यामध्ये पाणी..." एवढ्यात शिट्टी झाली आणि काकू गप्प. पडेल चेहऱ्याने म्हणाल्या, "संपली ना वेळ?"

"काकू, अहो ती तुमची शिट्टी! तुमच्या घरातली!"

"अगो बाय माझे, भात!" काकू आत पळाल्या, गॅस बंद करून पदराला हात पुसत परत आल्या आणि उरलेल्या चार सेकंदांत म्हणाल्या, "रिक्षावाला वल्हं मारी, मी म्हणते गाणी!"

कॉमेंट नुसत्या धो धो वाहत होत्या. बोरिवली, घाटकोपर, पार्ले, कुठून कुठून लोक विचारत होते, या काकू कोण? माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, एवढा आनंद मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता. तिसऱ्या रविवारी काकू फायनलला पोचल्या.

आणि तिथे मी माती खाल्ली. फायनलची फेरी आम्ही आधीच जाहीर केली होती: उखाणा. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घ्या आणि हसवा.

बुधवारी काकूंनी जिन्यातच गाठलं. "रविवारी मला जमायचं नाही रे. शेवग्याच्या शेंगा आणायच्यात."

शेंगांसाठी फायनल सोडणारी बाई मी पाहिली नव्हती. संध्याकाळी त्यांच्या सुनेने सांगितलं, "अरे, नाव घ्यायला सांगितलंस तू त्यांना. काका गेल्यापासून कोणी सांगितलंय का? हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. आधी पूर्ण बिल्डिंगचे उखाणे त्याच रचून द्यायच्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं समोर राहून मी हे पाहिलंच नव्हतं. तसं कोणी त्यांच्याशी वाईट वागलं नव्हतं, फक्त संक्रांतीला त्यांच्या दाराची बेल वाजत नव्हती. मी तसाच धावत गेलो. "काकू, चुकलं माझं. फेरी बदलतो."

"बदलू नकोस," काकू म्हणाल्या. "बदललीस तर सगळे विचारतील, का बदलली. मग काय सांगशील?" त्या येणार की नाही, ते मला रविवारपर्यंत कळलं नाही.

रविवारी अकरा वाजले. बोरिवलीचे एक मास्तर बायकोचं नाव घेऊन मोकळे झाले, फार छान घेतलं. स्क्रीनवर काकूंची चौकट काळीच. मित्र मला मेसेज करत होता, 'बाद करूया का?' मी नखं चावत होतो. इतक्यात चौकट उजळली. काकू! ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोली. मी नेहमी म्हणायचो, 'शब्द आहे...' त्या दिवशी मात्र म्हणालो, "काकू, नाव घ्या."

हात वर गेला. "थांब, येतंय." पण येईना. दहा सेकंद गेले. वीस. पंचवीस.

"तिखट झाली आमटी तरी म्हणायचे, 'चव आली फार',
श्रीधररावांच्या खोटेपणावर चालला माझा संसार!"

शिट्टी झाली. वेळेत! मी ओरडणारच होतो, पण काकूंचा हात वरच होता.

"काकू, शिट्टी झाली," मित्र हळूच म्हणाला.

"माझा कुकर आहे तो," काकू म्हणाल्या. "तू गप बस. सात संक्रांती राहिल्यात माझ्या.

छत्री हरवली, चष्मा हरवला, हरवली घराची चावी,
श्रीधरराव म्हणायचे, बायको तेवढी जपून ठेवावी!"

नियम त्यांना पाठ होता. आपण बाद झालो हेही माहीत होतं. तिसरा, चौथा, पाचवा, काकू घेत सुटल्या. मी टेबलावर हात आपटून हसत होतो आणि डोळे पुसत होतो. सहाव्याला त्यांचा आवाज खाली आला.

"दोन कप चहा टाकते, सवय काही मोडेना,
श्रीधररावांचा कप तेवढा हात माझा सोडेना."

मग हात खाली घेतला. "सातवा ठेवते. सगळेच घेतले तर पुढच्या वर्षी कशाला बोलावशील?"

मास्तर जिंकले. बक्षिसाचा स्टीलचा डबा मात्र त्यांनी काकूंच्या पत्त्यावर पाठवायला लावला.

त्या संक्रांतीला समोरची बेल वाजली. एकदा नाही, चांगली चार-पाचदा. हळदीकुंकवाहून परतल्यावर काकू आमच्या दारात तिळगूळ घेऊन उभ्या, चेहरा नुसता फुललेला. "नाव घ्या म्हणाल्या रे!"

"मग सातवा घेतलात?"

"छे! तो तुझा, पुढच्या फायनलला."

गणपतीनंतर चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. सातवा माझ्याकडे पोचलाच नाही.

यंदाची फायनलही उखाण्यांचीच ठेवली. घाटकोपरची एक मुलगी रंगात आली होती, पहिली ओळ म्हणून झाली होती, तेवढ्यात शिट्टी वाजली. ती गडबडून थांबली. "संपली वेळ?"

मी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद बाकी होते. समोरच्या घरात सुनेने भात लावला होता, शिट्टी माझ्याच माइकवरून गेली होती.

"नाही गं," मी म्हणालो, "आमच्या काकूंचा कुकर आहे तो. तू घे नाव."