आमचा स्टोव्ह कोण पेटू देत नाही

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे फसतं ते मी शोधते, आणि "माझ्याकडे तर चालतं" असं म्हणणाऱ्या माणसावर चुकूनही विश्वास ठेवत नाही. त्यामुळे नेपरव्हिलच्या आमच्या घरातला स्टोव्ह ऐन जानेवारीत पेटेनासा झाला, तेव्हा मी कुणालाच सोडलं नाही.

हा पेलेट स्टोव्ह. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या गोळ्या वरच्या डब्यात ओतायच्या आणि बटण दाबायचं. गोळ्या आपोआप खाली एका लोखंडी वाटीत पडतात, वाटीच्या भोकांतून गरम हवा येते, आणि थोड्या वेळाने काचेमागे जाळ दिसायला लागतो. आधीच्या मालकाने घराच्या मागे एक खोली वाढवली होती. तिथे घराच्या हीटिंगची हवा नीट पोचत नाही, म्हणून त्याने हा बसवलेला. नागपूरहून आई आली तेव्हा आम्ही तिला तीच खोली दिली, कारण गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. तिने निदान उन्हाळ्यापर्यंत राहावं असं मला फार वाटत होतं. तिला काय वाटतं हे तिने सांगितलं नव्हतं, आणि तिची बॅग अजून अर्धी भरलेलीच होती.

रोज सकाळी तेच. बटण दाबलं की गोळ्या टपटप पडायच्या, काचेमागे धूर भरायचा, मग स्टोव्ह पीं-पीं करून लाल दिवा दाखवायचा आणि गप्प व्हायचा. आई दोन स्वेटर आणि कानटोपी घालून पलंगावर बसलेली असायची. कुरकुर नाही, काही नाही. तिचं ते गप्प बसणंच मला जास्त लागायचं.

पहिला संशय दुकानदारावर. दमट माल माझ्या गळ्यात मारला असणार. मी एक गोळी मोडून पाहिली, ती कट्कन मोडली. म्हणजे कोरडी होती. तरी दुसऱ्या दुकानातून नवी पोती आणली. फरक शून्य.

मग नवऱ्याने वाटी बाहेर काढून बटण दाबलं. आतली पेटवणारी कांडी हळूहळू लालबुंद झाली.

"हे तर चालतंय यार," तो म्हणाला. नेमकं माझ्या डोक्यात जाणारं वाक्य.

तिसरा संशय आधीच्या मालकावर. घर दाखवताना तो माणूस जरा जास्तच गोड बोलला होता. दारातून हवा गळत असेल म्हणून मी दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. कागद फाटला, पण सुटला नाही. बाहेर जाऊन धुराचा पाइप पाहिला, त्यावर बर्फही नव्हता. शेवटी मी ती लोखंडी वाटी उजेडात धरली. तळाची सगळी भोकं राखेने बंद! हवाच येत नाही तर पेटणार काय, कपाळ?

वाटी साफ करणं नवऱ्याचं काम.

"मी कालच क्लीन केली, शपथ!"

"मग ही राख काय आभाळातून पडली?"

तो बिचारा हात वर करून निघून गेला. मी वाटी खरवडली आणि स्टोव्ह पहिल्या झटक्यात पेटला. आम्ही तो झोपताना बंद करतो. त्या संध्याकाळी मी स्वतः वाटी चकचकीत केली, आणि सकाळी पुन्हा भोकं बंद. चार तासांच्या जाळात एवढी राख साचत नाही, आणि साचली तरी अशी थापून बसत नाही. राखेवर सपाट, नीट दाबल्याच्या खुणा होत्या. मी लेकीला विचारलं. फोनमधून मान न काढता ती म्हणाली, "मॉम, आय डिडन्ट इव्हन टच इट." मग स्वयंपाकघरात माझं लक्ष उलथन्याकडे गेलं. त्याची कड राखाडी झाली होती.

नवरा उलथन्याला हात लावत नाही. उरलं कोण?

माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि त्याच दिवशी आई फोनवर मावशीशी बोलताना मी दाराबाहेर थबकले. ती म्हणत होती, "नाही लागत मन इथं. स्टो बी नाही पेटत सकाळी. पोरीले किती तरास देऊ?"

म्हणजे हे असं होतं तर. खोली गारठली की मीच कंटाळून तिचं तिकीट काढणार, आणि तिला "मला परत पाठव" असं म्हणायची वेळच येणार नाही. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आपल्या आईला आपल्या घरातून निघायला अशी युक्ती करावी लागते, यासारखं लागणारं दुसरं काही नाही.

मी सरळ सापळा लावला. रविवारी जेवणं झाल्यावर छान ऊन पडलं होतं. मी स्टोव्ह बंद केला, "दही आणायला जाते" असं मोठ्याने सांगितलं, गॅरेजचं दार आवाज करून उघडलं आणि बर्फ तुडवत घराला वळसा घालून आईच्या खोलीच्या मागच्या काचेच्या दाराशी येऊन उभी राहिले. मोजे ओले झाले, पण मी हलले नाही.

आईने स्टोव्हचं दार उघडलं होतं. ती स्टुलावर बसून खालच्या ट्रेमधली राख उलथन्यावर घेत होती आणि वाटीतल्या उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर पसरत होती. मग उलथन्याच्या पाठीने हळूच थापत होती, लहान मुलाला थोपटावं तसं.

मी दार सरकवून आत गेले. "आई, तुला परत जायचंय तर सरळ सांग ना! स्टोव्ह कशाला बिघडवतेस?"

तिचं उलथनं वाटीवरच थांबलं.

"बिघडवून राहिली?" ती म्हणाली. "इस्तो, हे निखारे, झाकून राहिली मी. सकाळी तुले लवकर पेटवता यावं म्हणून. रोजच तं झाकते."

वाटी निवल्यावर मी ती काढून तिला तळाची भोकं दाखवली. राखेने हवा कशी अडते ते सांगितलं. तिने वाटी हातात घेऊन उजेडात धरली आणि एकेका भोकावरून बोट फिरवलं.

"म्हणजे मीच विझवत होती," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते तिने मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

"आमचं घर गावाच्या कडेले. काडीपेटी नसे घरात. इस्तो विझला का गावातल्या घरी मागाले जा लागे. अन् तिथली बाई हातात नाही देत. दुरूनच निखारा मातीत फेके. मी लहान होती, पळत जाऊन गोवरीवर उचलो. माही माय म्हणे, राखेत झाकून ठेवत जाय पोरी, पन कोनाच्या दारात जाऊ नोको. तवापासून झाकते. गॅस आला तं सुटलं होतं. इथं जाळ पाहिला अन् हात आपसूकच गेला."

मी कोट काढून तिच्याजवळ खालीच बसले. फोनवरचं बोलणं मात्र अजून मनात सलत होतं, आणि माझा स्वभाव काही मला गप्प बसू देईना.

"पण मावशीला तू सांगत होतीस, मन लागत नाही."

"नाहीच लागत," आई म्हणाली. तिने पदराने उलथनं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "मन नाही लागत म्हणून का लेकीच्या घरचा इस्तो विझू देऊ?"