पोचवणीचं गाणं

फकिराला गाणं येत नव्हतं. ज्याच्या घरात शे-दोनशे रेकॉर्डी त्याला गळाही असणार असं लोक धरून चालत, म्हणून हे आधी सांगितलेलं बरं. आरतीला उभा राहिला तर तो नुसते ओठ हलवायचा. पण कान असा, की विहिरीवरची मोटार आज पाणी कमी ओढते आहे हे त्याला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं.

मखमलाबादच्या शिवारात त्याचा झेंडूचा मळा होता. पहाटे तोडा करायचा, टोपल्या सायकलीला बांधून नाशकात सराफ बाजाराजवळच्या फूलबाजारात न्यायच्या, ऊन चढायच्या आत मोकळं व्हायचं. बाकीचे माळी मग घरची वाट धरत. फकिरा बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर जायचा. तिथे जुन्या बाजारात धोंडीराम नावाचा भंगारवाला बसे. मोडके पंखे, कंदिलाच्या काचा, पितळी नळ, आणि एका अंगाला गोणपाटावर लाखेच्या काळ्या रेकॉर्डी. ते नव्वद सालानंतरचे दिवस होते. शहरात जुनी घरं पाडून फ्लॅट होत होते, माळे रिकामे होत होते आणि कॅसेटी आल्यापासून रेकॉर्डींना कोणी विचारत नव्हतं. बांगड्यांचे कारागीर त्या लाखेसाठी वजनावर नेत. फकिरा त्यांच्या आधी पोचायचा. एकेक तबकडी उन्हात तिरपी धरायचा, नखाने कड चाचपायचा, नाकाजवळ न्यायचा.

"फकिराशेठ, वास काय घेता?" धोंडीराम म्हणायचा. "भजी आहेत का ती?"

घेतलेली रेकॉर्ड टोपलीत उरलेल्या फुलांखाली लपून घरी यायची. फकिराची बायको लंकाबाई, तिला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे फकिराला माहीत होतं. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत.

नवी तबकडी पहिल्यांदा वाजवताना तो एकाच माणसाला जवळ बसू द्यायचा, ते म्हणजे त्याची आई यशोदाबाई. म्हातारी उंबऱ्यात पाय पसरून हार ओवत बसायची आणि ऐकता ऐकता एखादंच वाक्य बोलायची. एका कानडी बाईची रेकॉर्ड होती, अर्धी कड उडालेली. शब्द एकही कळत नव्हता. यशोदाबाई सुईत दोरा घालत म्हणाली, "हिच्या घरी कोणी वाट बघतंय रे. घाईत गाते आहे." फकिराने परत लावली, आणि खरंच, ती बाई प्रत्येक ओळीचा शेवट गिळत होती. कुठल्याशा संस्थानी बँडची एक तबकडी होती; त्यातला एक कर्णेवाला सगळ्यांच्या मागे राही. म्हातारी म्हणाली, नवखा दिसतोय, त्याला सांभाळून घेताहेत बघ. फकिराला कान होता तो असा, आईच्या शेजारी बसून आलेला.

पण ऐकण्याचं वेड वाढत जातं. पुढे पुढे फकिराला वाटू लागलं, रेकॉर्डीवरचं गाणं म्हणजे दुसऱ्या कोणाला आधीच सापडलेलं. आपण नुसतं त्याचं उष्टं उचलतो. कोणाकडेच नाही असं एक गाणं आपल्याकडे असावं. दसऱ्याच्या फुलांच्या पैशांवर त्याने टेपरेकॉर्डर घेतला आणि खांद्याला अडकवून हिंडू लागला.

दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला जाणारी पेठकडची माणसं तोड्याच्या दिवसांत फकिराच्या मळ्यावरही येत. त्यांच्या तोंडी त्याने मंगळूचं नाव ऐकलं. घाट उतरून पलीकडे एका पाड्यावर हा म्हातारा राहत होता. त्या अंगाला कोणी माणूस मेलं, की दहा दिवसांच्या आत मंगळूला बोलावत. काशाच्या थाळीत मेणाचा गोळा, त्यात एक सुकी काडी उभी. ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढली की थाळी गुणगुणते. त्या आवाजावर मंगळू गेलेल्या माणसाला वाट सांगत जातो. इथं नदी आहे, इथं काटे आहेत, इथं वळ. असं गाणारा तेवढा एकच उरला होता.

फकिरा गेला. मंगळूने त्याला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि नाही म्हणाला.

"मेलेलं माणूस असंल तर गातो. नाव घेतल्याबिगर ही थाळी बोलत नाय."

फकिराने वारलेल्या बापाचं नाव पुढे केलं. मंगळू हसला. तो कवाचा पोचला, त्याला आता हाक मारून काय करू, असं त्याने विचारलं.

फकिरा जात राहिला. वर्षातून दोन-तीनदा, चार-पाच वर्षं. दर खेपेला यशोदाबाई बरोबर भाकऱ्या, लसणाची चटणी आणि मळ्यातली वांगी बांधून द्यायची. डोंगरातलं म्हातारं माणूस आहे, रिकाम्या हाताने जाऊ नको, म्हणायची. मंगळू चटणी बोटाने चाटायचा आणि म्हणायचा, तुझ्या आईचा हात चांगला हाय. दोघं म्हातारी एकमेकांना कधी न बघता ओळखू लागली होती. गाणं मात्र मिळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात फकिराच्या डोक्यात गळवं उठली. न्हाव्याने वस्तरा फिरवून डोकं साफ केलं. तशातच तो पेठच्या गाडीत बसला. आई मावशीकडे विंचूरला गेलेली, म्हणून बरोबर भाकरी नव्हती. पाड्यावर पोचून त्याने घाम पुसायला टोपी काढली.

मंगळूने त्या उघड्या डोक्याकडे बघितलं. रिकाम्या हातांकडे बघितलं. मग जवळ येऊन त्याचे दोन्ही हात धरले.

"आई?"

एक शब्द बोलायचा होता. गळवं झाली आहेत बाबा, एवढंच. फकिराच्या खांद्यावर टेपरेकॉर्डरचा पट्टा रुतत होता. पिशवीत चार कोऱ्या कॅसेटी होत्या. त्याने मान खाली घातली आणि ती वर केली नाही.

मंगळूने कपाळाला हात लावला.

"तिच्या हातचं खाल्लंय मी. तुझ्या घरापत्तुर माझे पाय आता यायचे नाय. हिथूनच पोचवतो. नाव सांग."

"यशोदा," फकिरा म्हणाला.

दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत मंगळू गायला. घरच्यांना ऐकवायचं आहे म्हटल्यावर त्याने टेपला हरकत घेतली नाही. फकिरा कॅसेटी उलटत होता, आणि अंगावर काटा येत होता तो भीतीचा की सुखाचा हे त्याला कळत नव्हतं. तसा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. म्हाताऱ्याचा गळा गात नव्हता, कोणाला तरी बोट धरून चालवत होता. यशोदे, चूल आता तुझी नाय. यशोदे, उंबरा तुझा नाय. मागं हाक आली तरी वळू नको. तुझ्या हाताला चव होती, ती हिथं ठेवून जा. ही चवीची ओळ त्याने फक्त तिच्यासाठी घातली होती. शेवटी मंगळू रडत होता. पैसे त्याने घेतले नाहीत.

आई विंचूरहून परतली, फकिराच्या डोक्यावर केसही आले. कॅसेटी त्याने द्राक्षाच्या पेटीत रेकॉर्डींच्या मागे दडवल्या. पण कोणालाच न दाखवलेली गोष्ट सापडून काय उपयोग, ही आग त्याला स्वस्थ बसू देईना. आषाढात मळ्यात काम कमी झालं तेव्हा त्याने धोंडीरामला बोलावलं. आई शेजारच्या मळ्यात निंदायला गेली होती.

धोंडीराम चहा पीत ऐकत होता. नेहमी टिंगल करणारा माणूस, पण त्याची बशी तशीच हातात राहिली. अर्धी कॅसेट झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "ही यशोदा कोण म्हणायची?"

"मी," दारातून आवाज आला.

पाऊस आला म्हणून म्हातारी लवकर परतली होती. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात खुरपं. फकिराने टेप बंद करायला हात नेला तर म्हणाली, राहू दे. खुरपं बाजूला ठेवून ती आपल्या रोजच्या जागी, उंबऱ्यात बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. डोंगरातली बोली तिला सगळी कळली नसेल. पण गाण्यातलं काय खरं आणि काय नाही, हे तिला कधी कोणी समजावून द्यावं लागलं नव्हतं. धोंडीराम चप्पल घालून केव्हा निघून गेला ते कोणी बघितलं नाही.

टेप थांबल्यावर तिने विचारलं, "मला जाऊन किती दिवस झाले रे, फकिरा?"

फकिराने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सगळं सांगितलं, गळवांपासून. ती शिव्या देईल, डोक्यात टोला हाणेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तो सुटला असता. तिने फक्त विचारलं, की त्या डोंगरातल्या बाबाला माहीत आहे का. नाही म्हटल्यावर ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपली गोधडी, तांब्या आणि हारांची सुई उचलली आणि विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत बिऱ्हाड केलं. चुलीजवळ आली नाही. उंबरा ओलांडला नाही. लंकाबाई रडली, भावकीतल्या बायका समजवायला आल्या. त्यांना ती एकच सांगायची. एका माणसाने दिवेलागणीपर्यंत बसून, रडून, मनापासून मला पोचवलं, दमडी न घेता. त्याचं खोटं मी कसं करू?

लंकाबाई ताट घेऊन जायची, ती जेवायची. हारही ओवायची. फकिरा आला की भिंतीकडे तोंड करायची, रागाने नव्हे, मागे वळायचं नाही म्हणून.

फकिरा पेठला गेला. मंगळूपुढे बसून त्याने सगळं कबूल केलं. मंगळूने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो त्याच्याबरोबर एस.टी.त बसला. जे पाय मेलेल्या बाईसाठी निघाले नसते ते जित्या बाईसाठी निघाले.

दोघं म्हातारी मोटारीच्या खोलीपुढे समोरासमोर बसली. फकिराला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही, पण कान त्याचा होता, विहिरीच्या पलीकडून त्याने सगळं ऐकलं. आधी दोघंही एकमेकांची माफी मागत होती. मंगळूने खूप समजावलं. फिरून यायचं गाणं मला येत नाय, पण मीच सांगतो, घरात जा, तुझ्या पोराचं चुकलं.

"त्याचं सोडा," यशोदाबाई म्हणाली. "तुम्ही खोटं गायलात का?"

"नाय."

"मग?"

तिने मग त्याला नदीनंतरच्या काट्यांचं नीट विचारून घेतलं, ते तिला समजलं नव्हतं. त्याने ते सावकाश सांगितलं.

निघताना तो फकिराला रागाने काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आता कोणी रडत आलं तरी मला आधी बघावं लागंल, खरंच मेलंय का. असं बघून गाता येत नाय." त्यानंतर त्याने थाळी धरली नाही. पेठकडची माणसं पुढे मळ्यावर येईनाशी झाली.

फकिराने कॅसेटी विहिरीत टाकायला काढल्या. म्हातारीने लंकाबाईकरवी निरोप दिला, टाकू नको म्हणावं, त्या बाबाचं आता दुसरं काही उरलं नाही. म्हणून त्या राहिल्या. वाजवता येत नव्हत्या आणि मोडताही येत नव्हत्या. बुधवारी गंगेवर जाणं त्याने सोडलं. धोंडीरामने काही दिवस त्याच्यासाठी तबकड्या बाजूला ठेवल्या, मग बांगडीवाल्यांना देऊन टाकल्या.

सर्वपित्री अमावस्या आली. मळा पिवळा झाला होता, दसऱ्याचा तोडा तोंडावर होता. लंकाबाईने खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमटी केली. बापाचं पान वाढून फकिरा बाहेर कुंपणाच्या भिंतीवर ठेवायला आला, तर यशोदाबाई अंगणाच्या कडेला उभी. आषाढापासून ती पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती.

"ये ना आई, आत ये."

"माझं पान कुठे?"

ती वाट बघत होती, हट्टाने नव्हे, पंगतीत बसलेलं माणूस वाढप्याची वाट बघतं तशी. लंकाबाई दारात तोंडाला पदर लावून उभी होती. शेवटी फकिरा आत गेला, आपल्या हाताने दुसरं पान वाढलं आणि आणून बापाच्या पानाशेजारी ठेवलं. बापाच्या पानावर कावळा बसला. कावळा वडा घेऊन जाईपर्यंत म्हातारी थांबली, मग आपलं पान उचलून हळूहळू विहिरीकडे गेली.

थोड्या वेळाने तिकडून हाक आली, "लंके, आमटी अळणी झाली गं."

मीठ घेऊन फकिराच गेला. ती खोलीच्या सावलीत, भिंतीकडे तोंड करून जेवत होती. पावलांवरून तिने ओळखलं.

"खाली ठेव," ती म्हणाली. "हातात देऊ नको."

फकिराने वाटी जमिनीवर ठेवली.