चार नंबरचं झाड

"बाई, खाली कसं आहे?"

रोज सकाळी वरच्या गॅलरीच्या जाळीतून हा प्रश्न यायचा. वर म्हणजे पहिला मजला आणि खाली म्हणजे माझं अंगण. मध्ये सोळा पायऱ्या. पण विचारणारा असा विचारायचा, जणू मी बल्लारपुरात नाही, साता समुद्रांपलीकडे राहते.

"खाली बरं आहे, भाऊ."

"तुमचं नाई, मातीचं पुसून राह्यलो. ओली आहे का?"

भाऊ म्हणजे गडचिरोलीच्या जंगलात उभा जन्म पायपीट केलेले वनरक्षक. निवृत्तीनंतर मुलाकडे आले आणि दुसऱ्याच महिन्यात जिन्यावरून घसरून खुबा मोडून बसले. जिना असा, की वळणावर माझ्यासारखीला आधी पोट आत घ्यावं लागतं. मुलगा कोळशाच्या खाणीत ड्युटीला जाताना बाहेरून कडी लावायचा.

"कैद्यासारखं काय ठेवतोस रे त्यांना?" मी एकदा टोकलं.

"बाई, ते एकटे उतरते. या खेपेले खुबा नाई, मान मोडन," तो म्हणाला. त्याचे डोळे पाहिले आणि माझी वकिली तिथेच संपली.

तुम्ही म्हणाल, खुर्चीत बसवून उतरवायचं. चार माणसं तयारही होती. पण भाऊंनीच हात जोडले. "उचलून नका नेऊ. माणूस उचलून एकदाच जाते. मले पायानं उतराचं आहे."

गॅलरीत त्यांनी दोडका लावला. वेल वाळत्या कपड्यांवर चढला आणि डब्यांतलं पाणी माझ्या पापडांवर. मी अंगणात कमरेवर हात ठेवून असा काही प्रयोग केला, की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. मुलानं वेल उपटला आणि कायदा केला: जाळीच्या मधल्या आडव्या गजाच्या वर एक पान जरी गेलं, तरी सगळे डबे भंगारात.

पापड वाळले, पण सकाळचा प्रश्न बंद झाला. चार दिवस कसेबसे काढले. पाचव्या दिवशी मीच चंद्रपूरहून बियांचं पाकीट आणलं. बुटके चेरी टोमॅटो, खास कुंडीसाठी.

"हे झाड आहे का बसलेला माणूस?" चित्र पाहून भाऊ म्हणाले.

पण पेरलं. दह्याच्या कपांत, वर नखभर माती. रोपांना चार पानं आली तशी ती तेलाच्या डब्यांत गेली, आणि डब्यांवर गेरूनं नंबर पडले, जंगलात सागाला पडतात तसे. मग मोजपट्टी निघाली. "गोलाई छातीच्या उंचीवर मोजाची असते, बाई. पण याची छाती कुठी आहे?"

झाडं वीतभर होऊन थांबली आणि फुलली. गॅलरीत वारा येईना, म्हणून भाऊ दुपारी एकेका घोसाला टिचकी मारून जागं करायचे. बोराएवढी लालबुंद फळं पिशवीत घालून दोरीनं खाली आली. मी त्यातलं एकही घरच्यांना दिलं नाही.

सगळ्यांत देखणं फळ त्यांनी बियाण्याला ठेवलं. बी धुऊन राखेत घोळायचं, ही गावची रीत. गॅसच्या घरात राख कुठली? मी देवापुढची उदबत्तीची राख दिली. दोघंही शहाणी! पाकिटावर 'संकरित' असं लिहिलं होतं, आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईनं तेवढंच वाचलं नव्हतं. अशा फळाचं बी त्याच झाडावर जाईल याचा भरवसा नसतो.

पोळ्यानंतर पेरलं. तीन डबे बुटके राहिले. चार नंबर सुटला, आणि बघता बघता गजाला भिडला.

"शेंडा खुडा, भाऊ. नाहीतर सगळेच डबे जातील."

"नाई. हा पळून राह्यला, बाई. पळू द्या त्याले."

त्यांनी शेंडा हळूच वाकवून जाळीबाहेर काढला आणि खाली सोडला. मी सुतळी बांधली. गजाच्या वर एक पान नव्हतं. कायदा अगदी काटेकोर पाळला होता!

संक्रांतीला वेल माझ्या अंगणात टेकला. वरून हुकूम सुटले. "खालची पानं काढा. खोड आडवं करा, वरून माती लोटा, शेंडा मोकळा ठेवा. टमाटराच्या खोडाले माती लागली का मुळं फुटते."

पंधरा दिवसांनी त्यांनी वरून वेल हलकेच ओढला. "येते का?"

"नाही येत."

पुन्हा ओढला. "पकडलं, बाई! मातीनं पकडलं त्याले!"

मग त्यांनी दाढीच्या ब्लेडनं वेल वरून कापला. सुटलेलं लांबच लांब खोड माझ्या खांद्यावर पडलं. "आता तो खालचा झाला," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी गज धरून बराच वेळ खाली बघत राहिले.

होळीच्या आधी भाऊ गेले. जिन्याच्या वळणावर चौघांना फार जपून वळावं लागलं. सोळाव्या पायरीपाशी चार नंबर उभा होता, पहिल्या हिरव्या फळांचा.

दहा-बारा दिवसांनी मी अंगणात पापड घालत होते.

"बाई."

मी दचकून वर पाहिलं. मुलगा जाळीला कपाळ टेकून उभा होता. मागे दाराची कडी उघडीच असावी, वाऱ्यानं दार वाजत होतं.

"खाली... माती ओली आहे का?"

मी नुकतंच पाणी घातलं होतं.

"कोरडी आहे रे," मी म्हणाले.

त्यानं जाळीतून लोटा कलता केला. थोडं पाणी चार नंबरला मिळालं, बाकीचं सगळं माझ्या पापडांवर. मी पापड हलवले नाहीत.