खिडकीवरचे भाऊ आणि गावाचा रकाना

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आरमोरीकडच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात मी केसपेपर शोधायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम बसवला. केसपेपर काढून द्यायला खिडकीवर बसणारे भाऊ निवृत्तीला टेकलेले. हा माणूस मशीन चालू देणार नाही, अशी माझी पहिल्या दिवसापासून खात्री. कोणी गोड बोललं की पाणी कुठं मुरतंय ते मी आधी बघतो, आणि भाऊ फार गोड बोलत.

प्रोग्रॅममधला इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखा. ज्या रकान्याची सूची केली त्यातला शोध झटक्यात, नाहीतर मशीन पहिल्या नोंदीपासून सगळं वाचत बसतं. सगळ्याच रकान्यांची केली तर नवी नोंद रखडते. म्हणून मी दोनच केल्या, केसपेपरचा नंबर आणि आडनाव. मी ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरात वाढलेला. तिथं कुठून कुठून आलेली माणसं, एका गल्लीत एक आडनाव दोनदा मिळायचं नाही.

भाऊ मात्र प्रत्येकाला गाव विचारत आणि गावच टाइप करत. मशीन घरघरत बसे, रांग व्हरांड्याबाहेर जाई.

"भाऊ, आडनाव टाका ना. मुद्दाम करून राह्यले काय?"

"मी कायले मुद्दाम करीन, साहेब? इथी आडनावानं माणूस सापडत नाई. गाव लागते."

मला ते सोंग वाटलं. आपल्या गावचे लोक पुढे घ्यायला विचारत असतील, असंही मी मनात जुळवलं. भाऊ मशीन मुद्दाम अडवतात, असं मी डॉक्टरांना लेखी दिलं. डॉक्टरांनी भाऊंना मागच्या औषधांच्या खोलीत पाठवलं आणि खिडकीवर मी बसलो.

तिसऱ्या दिवशी एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली. नंबराची चिठ्ठी हरवलेली. आडनाव टाकताच मशीननं उत्तर दिलं, पण स्क्रीनमागून स्क्रीन तेच आडनाव! आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळं नावंही तीच तीच. वय जुळलं तो पेपर मी काढून दिला. डॉक्टरांनी त्यावर इंजेक्शन लिहिलं आणि बाई औषधांच्या खोलीकडे गेली.

थोड्या वेळानं भाऊ तो पेपर घेऊन धावतच आले.

"डॉक्टरसाहेब, हे पोरगं नदीपल्याडच्या गावचं. याले हे इंजेक्शन चालत नाई, मागं अंग सुजलं होतं याचं. हा पेपर दुसऱ्याच पोराचा आहे."

पेपर चुकला कसा, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "जुन्या नोंदी भाऊंनी नीट भरल्या नसतील."

हे मी म्हणालो. आजही स्वतःची किळस येते.

त्याच दुपारी कोणाला न सांगता मी गावाचा इंडेक्स केला. एका ओळीचं काम. गाव टाकलं, पाच-सहा नावं आली, त्यात तो मुलगा होता. आता मीही सगळ्यांना आधी गाव विचारू लागलो. डॉक्टरांनी वेग पाहून माझी पाठ थोपटली.

भाऊ निवृत्त झाले ते मागच्या खोलीतूनच. निरोपाच्या चहाला डॉक्टर हसत म्हणाले, "भाऊंची स्मरणशक्ती जबरदस्त, पण मशीनशी काही त्यांचं जमलं नाही." सगळे हसले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खरं काय ते सांगतो का, याची वाट पाहिली. मग तेही हसले.