आक्कांच्या गोळ्या

किकवीच्या आमच्या घरी देवाधर्माचा सगळा स्वयंपाक माझ्या थोरल्या जावेकडे. मी त्यांना आक्का म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. मी भोरला कचेरीत नोकरीला, त्यामुळे माझ्या हातचं पुरण हा घरात चेष्टेचाच विषय. पण पुरण आक्कांनी घालायचं म्हटल्यावर सणाच्या दिवशी पाळी येऊन त्या ‘बाहेर’ बसल्या तर कसं चालेल? श्रावणातला सत्यनारायण, गौरी, नवरात्र. देव एकामागून एक येतच राहायचे आणि आक्का पाळी पुढे ढकलत राहायच्या.

मुलं थांबवायच्या गोळ्यांचं पाकीट संपत आलं की पाळीसाठी ठेवलेल्या शेवटच्या तपकिरी गोळ्या त्या उकिरड्यावर फेकायच्या आणि नवं पाकीट फोडायच्या. मधेच डाग दिसला की मेडिकलमधून वेगळी गोळी आणायच्या, तीही वरून. चाळिशी उलटलेली, बीपी वाढलेला, पण डॉक्टरची चिठ्ठी कुणी कधी मागितली नाही. शेजारणी तर विरजण मागावं तशा त्यांच्याकडे गोळी मागायला यायच्या.

“आक्का, डॉक्टरांना एकदा विचारा तरी,” मी म्हणायची.

“आगं, म्या बाहेर बसले तर पुरण कोन घालील? तुझ्या हातचं देवीला चालंल, आत्याबाईंना न्हाई!” असं म्हणून त्या हसायच्या.

त्या वर्षी गौरी तोंडावर आल्या असताना त्यांची डावी पोटरी सुजली. दिवसभर उभं राहून सुजली असेल, म्हणून सासूबाईंनी मायेनं गरम तेल लावून चांगली रगडली. दुसऱ्या दिवशी आक्कांना श्वास घेता येईना. पुण्याला नेताना कापूरहोळच्या पुढे, गाडीतच त्या गेल्या. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. या गोळ्यांनी असं होऊ शकतं, आणि पाय तर चोळायलाच नको होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता सांगून काय उपयोग? मला सगळ्यांचा राग आला, देवीचासुद्धा.

भावकीला सुतक पडलं. ज्या गौरींसाठी आक्कांनी एवढं सोवळं सांभाळलं, त्या आमच्या आळीत आल्याच नाहीत.

तेरावं झाल्यावर सासूबाई गौरींच्या मुखवट्यांची पेटी पुसत बसल्या होत्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. “औंदा देवी उपाशी ऱ्हायली,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “आता पुढल्या वर्साला समदं तुझ्यावर. तारखेचं तेवढं संबाळ.”

“नैवेद्य मी करीन, आत्याबाई,” मी म्हणाले. “पाळी आली तरी मीच करीन.”